सोनतार

राजदीपने तुरीच्या फांदीवरचा पिवळा वेल दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला, आणि त्याचा चेहरा असा उतरला की पत्रूभाऊ दोन पावलं जवळ सरकला.

“भाऊ, हे तुमच्या बांधीत कधीपासून हाये?”

“दिवाळीपासून. काऊन?”

“अन् हे पांढरं काय लागलं, ते पायलं का?”

पत्रूने डोळे बारीक केले. वेलावर रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे घोस लागले होते. ते त्याने चार दिवसांपूर्वीच पाहिले होते आणि त्याला आनंद झाला होता. आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वेलाला फूल आलं तर कोणाला आनंद होणार नाही?

राजदीप गावातल्याच बौद्ध वस्तीतला. शेतकीचं शिकून सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात लागला होता आणि रविवारचा घरी आला होता. पत्रूने त्याला बांधीवर आणलं ते खताचं विचारायला. तळ्याच्या पाळीखाली त्याची दीड एकराची बांधी, धानाचं शेत. धान निघाला होता, त्याच्या ओलीवर फेकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, वर आली होती, आणि जानेवारीच्या ऐन भरात तिच्यात ठिकठिकाणी पिवळे थाळे पडले होते. कोणतं खत कमी पडलं, एवढंच त्याला हवं होतं.

“खताचं काई नाई भाऊ,” राजदीप म्हणाला. “हा अमरवेल हाये.”

पत्रू खो खो हसला. राग येण्याइतकीसुद्धा ती गोष्ट त्याने मनावर घेतली नाही.

“अमरवेल तू मले शिकवतं का गा? अमरवेल बोरीवर राह्यते. सुतळीएवढा जाड. हा तं सुईत ओवता येईल इतका बारीक हाये.”

“तो झाडावरचा. हा त्याचाच भाऊ, पिकावरचा. बाहेरच्या बियान्यातून येते. जमिनीत मूळ नाई, आंगावर पान नाई. दुसऱ्याच्या आंगात तोंड खुपसून पेते. पाहा.”

त्याने वेल खसकन ओढला. तुरीच्या सालीवर टोचल्यासारखे बारीक खड्डे ओळीने उमटलेले दिसले. मग राजदीपने त्या फांदीवरची शेंग फोडली. आत दाणा नव्हता. दुसरी फोडली. तिच्यातही नव्हता.

पत्रूचं हसू तोंडावरच राहिलं. साठीला आलेला माणूस, अमरवेल त्याने हजारदा पाहिला होता. आणि तोच अमरवेल तीन महिने त्याच्या नाकासमोर डुलत होता, त्याचं पीक पीत होता, आणि त्याने ओळखला नाही! त्याला स्वतःच्या डोळ्यांचीच लाज वाटली.

“बरं बाप्पा,” तो कसाबसा म्हणाला, “उपटतो अन् देतो पाळीवर फेकून.”

“फेकू नोका!” राजदीप एवढ्याने ओरडला की तळ्याकाठचे बगळे उडाले. “बोटभर तुकडा हिरव्या झाडावर पडला का तिथून नवा वेल. बकरीले टाकू नोका, बी शेनातून पुन्हा शेतात येते. जितकं लागलं तितकं, अन् त्याच्या भवतालचं दोन हात चांगलं पीकही, इळ्यानं कापायचं अन् जाग्यावरच जाळायचं. हे फूल आठ-दहा दिवसांत बी होईल. बी एकदा पडलं का दहा-दहा वर्सं मातीत जित्तं राह्यते. पुढं तीन-चार वर्सं या बांधीत लाखोरी नाई, जवस नाई. निस्ता धान. धानाले हा धरत नाई.” तो जरा थांबला. “एकट्या तुमच्याच बांधीत हाये तं निपटन. कोनाले देल्ला तं नाई न?”

पत्रूने नजर तळ्याकडे वळवली.

“देल्ला.”

“कोनाले?”

“मंडईच्या पाव्हन्यायले.”

राजदीप मटकन धुऱ्यावर बसला.

मंडई म्हणजे काय हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की गावोगाव एकेक दिवस ठरतो. त्या दिवशी त्या गावच्या लेकी, जावई, सोयरेधायरे झाडून सगळे तिथे उतरतात, बाजार भरतो, आणि रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचं नाटक होतं. पाहुणे सकाळीच येतात आणि नाटक रात्री. मधली दुपार सगळी रिकामी. ती दुपार पत्रूच्या घरी पत्रूची असे. तो जातीचा ढिवर, तळ्यात जाळं टाकणारा, पण त्याचं नाव झालं होतं ते जंगलापायी. रानातला कोणता कांदा भाजून खायचा, कोणता वाहत्या पाण्यात ठेवून खायचा आणि कोणत्याच्या वाटेला जायचं नाही, हे विचारायला लोक दहा कोसांवरून येत. वेल ओळखायचा तर पत्रूभाऊले इचारा, असं अकरा गावांत बोललं जाई. आणि पत्रूने उभ्या जन्मात ‘मले मालूम नाई’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

ती त्या साली मंडईच्या दुपारी आली. पाहुण्याला तुरीच्या ओल्या शेंगा दिल्याशिवाय धाडायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. म्हणून सगळा मेळा शेंगा तोडायला बांधीवर आला. तूर कमरेच्या वर गेली होती, फुला-शेंगांनी लदली होती, आणि तिच्यावर सोन्याच्या तारा गुंडाळाव्यात तसा हा वेल. पत्रूची लेक मंगली जिथे दिली होती तिथले व्याही, पोचूभाऊ, मोठे हौशी गृहस्थ. त्यांनीच विचारलं, “काजी सोयरे, हा कोनता वेल म्हनाचा?”

वीसेक माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांत जावई होता. पत्रूने वेल हातात घेतला, चुरगळला, वास घेतला. डोक्यात काही म्हणजे काही येईना. अमरवेल क्षणभर मनात येऊन गेला. पण तो झाडावरचा, इतका बारीक तो कुठचा असायला, म्हणून त्याने सोडून दिला. तीन शब्द बोलायचे होते. ते काही केल्या तोंडातून निघेनात.

“सोनतार,” तो म्हणाला. “नशीबवाल्याच्याच धुऱ्यावर येते. याच्यानं तूर दुप्पट धरते.”

आपण हे काय बोललो, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण बोललेलं गोड लागलं. तूर खरंच जोमात होती, मग खोटं तरी कसं म्हणावं? संध्याकाळपर्यंत त्याचा त्यालाच विश्वास बसला. ज्याने त्याने वीतभर तार मागितली आणि पत्रूने कोणाला नाही म्हटलं नाही. तारा शेंगांच्या पिशव्यांत गेल्या, टोपीत गेल्या, लुगड्याच्या ओच्यात गेल्या. ओल्या फडक्यात कशी न्यायची आणि कोणत्या फांदीवर टांगायची, हेही या शहाण्याने सगळ्यांना समजावून सांगितलं.

राजदीपचं ऐकून बांधीवरून घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा ताराबाई अंगणात मासळी खवलीत बसली होती. 

“मले तवाच कळलं होतं,” ती म्हणाली.

“काय कळलं होतं?”

“पस्तीस वर्सं झाले तुमच्या घरात. सोनतार म्हनून एक दिवस नाव काढलं नाई तुमी. घरात नाई का जंगलात नाई. त्या दिवशीच आयकलं.”

“मंग तवाच काऊन नाई बोल्ली?”

“इतक्या पाव्हन्यायपुढं? जावयापुढं? तुमचं तोंड पाडू का मी?”

पत्रू ओसरीच्या खांबाला टेकून राहिला. तीन महिने ही बाई सगळं जाणून होती, त्याला भाकरी वाढत होती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला काय वाटलं ते सांगायचं तर भीती वाटली. की आणखी किती जणांनी असंच ओळखलं असेल आणि गप्प बसले असतील?

ताराबाई मात्र कामाची. तिने खवल्या झटकल्या आणि बोटांवर घरं मोजली. कोणाच्या पिशवीत तिने स्वतः शेंगा भरल्या ते तिला पाठ होतं. एकोणीस घरं, अकरा गावं. शेवटचं नाव घेताना ती अडखळली. “अन् आपली मंगली.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बांधी कापली. लाखोरीचे पिवळे थाळे, भोवतालची हिरवीगार लाखोरी, धुऱ्यावरची उभी तूर, सगळं जागच्या जागी पेंढा घालून जाळलं. निम्मं शेत काळं झालं. ताराबाईने विळे आगीत धरले, लुगडं तिथेच झटकलं. राजदीप सिंदेवाहीला जाताना म्हणाला होता, “हापिसात मी सांगतोच, पन कोनता धुरा कोनाचा ते तुमालेच मालूम. तुमालेच जा लागन.” पत्रूने सायकल काढली.

पहिलं घर लटारूभाऊचं, शेजारच्याच गावात. जुना दोस्त. वेल जाळून टाक, हे पत्रूचं सांगणं त्याने ऐकून घेतलं आणि तो मिशीत हसला.

“तुमची तूर दुप्पट झाली न? मंग आमाले फूल आलं तवा उपटायले आले!”

“अरे, जाळली मी तूर! राजदीपबाबूनं सांगतलं...”

“कोन राजदीप? तो कालचा पोट्टा? तुमच्यापेक्षा जास्त वेल पायले का त्यानं? तुमी सोताच्या तोंडानं सांगतलं होतं भाऊ, नशीबवाल्याच्याच धुऱ्यावर येते.”

 लटारू पत्रूचेच शब्द त्याच्याच तोंडावर फेकत होता. ज्या नावावर तो आयुष्यभर छाती काढून चालला, ते नाव आता दारात आडवं उभं होतं आणि त्यालाच आत येऊ देत नव्हतं.

आणि इथे पत्रूने दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा वाईट. तेव्हासुद्धा खरं सांगायचं सोडून तो म्हणाला, “आयक न भाऊ. या सालचा सोनतार बिघडला. रोग पडला त्याले. जाळून टाक.”

हे मात्र लटारूला पटलं. त्याने वेल कापला, पेटवला. पत्रू हुश्श करून पुढच्या गावी गेला आणि तिथेही हेच बोलला. सहा दिवसांत दहा गावं झाली. कोणी सगळं जाळलं, कोणी अर्धं, कोणी ‘जाळतो, जाळतो’ म्हणून चहा पाजला. सहाव्या दिवशी परतताना लटारूच्याच अंगणातून हाक आली. त्याची बायको हौसेने आतून बरणी घेऊन आली. बरणीत वेलाचे वाळलेले घोस होते.

“या सालचा बिघडला म्हनले न तुमी,” ती म्हणाली, “म्हनून बी काढून ठेवलं. पुढच्या साली चांगला येईल.”

पत्रूने तिच्या हातून बरणी ओढून घेतली. त्याने ती बरणी तिथल्या तिथे चुलीत उलटी केली. बाई बघतच राहिली. पण बाकीच्या नऊ गावांत किती बरण्या असतील? तो घरी आला आणि न जेवता बसला. ताराबाईने ताट झाकून ठेवलं.

“तुमी अजून त्याले सोनतारच म्हनून राह्यले,” ती म्हणाली. “जोवर तुमी म्हनान, तोवर लोक जपतीन.”

लेकीच्या गावाला जायचं त्याने शेवटी ठेवलं होतं, ते काही दूर म्हणून नव्हे. सातव्या दिवशी वडशाला गाडी बदलून तो कोरेटोल्याच्या फाट्यावर उतरला, पांदण ओलांडून वर आला, आणि जागीच उभा राहिला.

डाव्या हाताला पिवळं होतं. उजव्या हाताला पिवळं होतं. पोचूभाऊचं शेत तर अजून पुढे होतं. हे धुरे दुसऱ्यांचे होते, एकामागे एक, आणि प्रत्येक धुऱ्यावरच्या तुरीवर वेल चढला होता. कुठे तो खाली उतरून लाखोरीत पसरला होता, कुठे जवसात. जवसाची निळी फुलं त्या पिवळ्या गुंत्यात दिसेनाशी झाली होती. पत्रूने एक घोस तोडला आणि तळहातावर चोळला. बारीक, करड्या रंगाचे दाणे पडले. इथे बी झालं होतं. त्याने किती दिलं होतं इथे? वीतभर! फक्त वीतभर दिलं होतं!

“या सोयरे, या!” पोचूभाऊ लांबूनच हात उंच करून आले. “पायलं का? आमच्या मंडईले समद्या गावाले वाटला. म्हनलं, आमच्या सोयऱ्याच्या हातचा वेल हाये, एकट्यानं काऊन ठेवावं?” आणि वळून त्यांनी धुऱ्यांवरच्या माणसांना हाक दिली, “अरे या रे, सोनतारवाले भाऊ आले!”

माणसं आली. दहा-बारा पुरुष, काही बाया, मागून जावई. कोणी पाया पडलं. एकाने विचारलं, “भाऊ, पानं पिवळी पडून राह्यली, शेंगा पोचट निघून राह्यल्या. आमचंच काई चुकलं का?”

त्या माणसाला वाटत होतं, चूक त्याची आहे. हे ऐकून पत्रूला जे झालं ते कोणाला होऊ नये. त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तुमचं काई नाई चुकलं,” तो म्हणाला. “सोनतार म्हनून वेल नाई. कुठीच नाई. ते नाव मी बनवलं.”

 पोचूभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. त्यांना वाटलं, सोयरे थट्टा करतायत.

“हा अमरवेल हाये, पिकावरचा. मले ओळखता नाई आला. तुमी समद्यायपुढं इचारलं, अन् मले मालूम नाई म्हनाची लाज वाटली. दुप्पट धरते तेही मीच बनवलं. कापा अन् जाग्यावरच जाळा. बी ठेवू नोका. बाहेर नेऊ नोका. मी पाया पडतो तुमच्या.”

“म्हंजे तुमाले मालूम नव्हतं?” पोचूभाऊंनी विचारलं.

“नव्हतं.”

“मंग तसं म्हनाले काय झालं होतं, सोयरे?”

ते रागावून नाही, खरंच कळेना म्हणून विचारत होते.  पत्रूने मान खाली घातली. माणसं एकेक करून विळे आणायला गेली. जाताना कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मघाशी पाया पडलेला माणूस त्याच्या अंगावरून गेला, तेव्हा पत्रू आपसूक बाजूला सरला.

या वेळी मात्र कोणी अर्धं ठेवलं नाही. दुपार कलेपर्यंत सगळ्या धुऱ्यांवरून धूर निघत होता. पत्रू कापत होता, ओढत नव्हता. तोडलेल्या फांद्या आगीपर्यंत टोपलीत नेत होता, म्हणजे वाटेत तुकडा पडणार नाही. पडलेल्या बियांचं काही करता येणार नव्हतं. त्या मातीत गेल्या होत्या, दहा वर्षांसाठी. पण उद्यापासून बाकीच्या दहा गावांत पुन्हा जायचं आणि हेच शब्द बोलायचे, हे त्याने ठरवलं होतं. एकदा बोलल्यावर ते इतके कठीण नव्हते, असं त्याला वाटू लागलं होतं.

मंगली घरून आली ती सगळं ऐकूनच, नातवाला कडेवर घेऊन. दोन वर्षांचं पोर आठवडाभर हगवणीने सुकलं होतं.  तिच्या मुठीत फडक्याची पुरचुंडी होती. ती तिने सोडली. आत सालीचे तुकडे होते, घरात असू द्या म्हणून मागच्या महिन्यात जावयासोबत पत्रूने पाठवलेले.

“बाबा, हे उगाळून देतो मी याले. रोज दोनदा.” तिचा आवाज लहान झाला होता. “याचं नाव तुमाले खरंच मालूम हाये न?”

“कुडा हाये माय,” पत्रू म्हणाला. “कुड्याची साल, हगवनीवरची. माझ्या बापानं दाखवला होता मले. माझ्या हातानं काढली मी.”

“तुमी म्हनता तं असंल.”

“असंल नाई वो, हाये! कुडा हाये तो! तुले मी लहानपनी...”

“लेकराचं पोट हाये बाबा,” मंगली म्हणाली. ती रडत होती. “उद्या दवाखान्यात नेतो त्याले.”

तिने पुढे होऊन पुरचुंडी आगीत टाकली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन घराकडे वळली. साल पेटली. पत्रू आगीपाशी टोपली धरून उभा राहिला. तो कुडाच होता.